आमच्या खानावळीत इलेक्ट्रिक गाडी चार्ज करायची सोय करावी का? गाडीवाल्यांनी सांगा

तिठ्यावरची खानावळ

नमस्कार. मी राजापूर तालुक्यातली. मुंबई-गोवा हायवेवर ओणीजवळ आमची खानावळ आहे, १६ वर्षं झाली. ओणीवरून पाचलमार्गे अणुस्कुरा घाटाचा रस्ता फुटतो, त्यामुळे मुंबईकडचे आणि घाटावरून उतरणारे असे दोन्हीकडचे लोक आमच्याकडे जेवायला थांबायचे. हायवे चौपदरी झाल्यापासून गाड्या भरधाव निघून जातात. कुळथाची पिठी आणि सुरमईचं कालवण अजून तेच आहे, पण ब्रेक कोणी दाबत नाही. सांगायचं कारण म्हणजे, आता थांबतात ते बरेचदा इलेक्ट्रिक गाडीवाले. त्यांना थांबावंच लागतं.

मे महिन्यातली गोष्ट. रात्री पावणेदहा वाजले होते, आम्ही टोप घासायला काढले होते. पांढरी इलेक्ट्रिक नेक्सॉन गाडी अगदी हळू दारात आली. आतला एसी बंद, काचा खाली, सगळे घामाने भिजलेले. नवरा-बायको, दोन मुलं आणि एक आजी. ज्या चार्जरच्या भरवशावर ते निघाले होते तो बंद निघाला होता आणि पुढचा गाठण्याइतकी बॅटरी उरली नव्हती. ४ टक्के. त्या दादांनी जेवणाचं विचारलंच नाही, "मिक्सर लावता तो मोठा पॉइंट आहे का?" एवढंच विचारलं.

स्वयंपाकघरात वाटण वाटायच्या मशीनचा १५ अँपिअरचा पॉइंट आहे. त्यांनी डिकीतला चार्जर काढून तिथे लावला तर लाल दिवा लुकलुकायला लागला. दुसऱ्या पॉइंटवर लावला, तिथेही लाल. मशीन तर रोज त्याच पॉइंटवर चालते! ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं, मुलं पेंगायला लागलेली. मग आमच्या ह्यांना विहिरीच्या पंपाची खोली आठवली. गाडी खाली उतरवून काजूच्या झाडाखाली विहिरीला लागून उभी केली, तिथल्या पॉइंटला लावलं आणि हिरवा दिवा लागला. त्या आजींनी विहिरीकडे बघून हात जोडले.

पाचही जण आमच्या ओटीवर झोपले. सकाळी ७ वाजता गाडी ८४ टक्के झाली होती. ह्यांनी मीटर बघून ठेवला होता, आमचा फ्रीज-पंखे धरून ३१ युनिट पडले. ते हजार रुपये देत होते. आम्ही जेवणाचे आणि विजेचे ३०० घेतले, झोपायचे नाही घेतले.

त्यानंतर आणखी चार गाड्या येऊन विचारून गेल्या. प्रत्येक वेळी गाडी विहिरीपर्यंत न्यायची, तिथे चिखल, आता पावसात तर जमणारच नाही. म्हणून पुढे अंगणात नीट पॉइंट काढावा असं आमच्या मनात आहे. पण सासूबाईंना आगीची धास्ती वाटते, पलीकडेच लाकडांची खोप आहे. एक माणूस येऊन मोठा चार्जर बसवून देतो, आधी २ लाख भरा, असं सांगून गेला. गावातला वायरमन म्हणतो, "लाल दिवा मी दोन मिनिटांत घालवतो."

मला एवढं सांगा. पंपाच्या खोलीत चाललं ते स्वयंपाकघरात का नाही चाललं? आणि तुम्ही लोक वाटेत थांबता तेव्हा तुम्हाला नक्की काय हवं असतं? मला गाडी चालवता येत नाही, त्यामुळे ते माझं मला कळणार नाही.

---

तारतंत्री_सांगली

ताई, आधी त्या वायरमनला थांबवा. दोन मिनिटांत लाल दिवा घालवतात तो एकाच पद्धतीने: सॉकेटच्या मागे न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) आणि अर्थ (गळती वीज जमिनीत नेणारी तार) यांच्या पिना तारेच्या तुकड्याने जोडतात. चार्जरला वाटतं अर्थिंग मिळालं. पुढे कधी खांबावरून येणारी न्यूट्रल तुटली किंवा सुटली तर गाडीचा पत्रा जिवंत होतो. ओल्या अंगणात अनवाणी पोराने दाराला हात लावला तर काय होईल, विचार करा. मी ३२ वर्षं या धंद्यात आहे. असं जोडलेलं दिसलं तर मी पैसे न घेता काढून देतो.

आता तुमचा प्रश्न. तुमचं वाटणाचं मशीन चालतं कारण मोटरला फेज (वीज आणणारी तार) आणि न्यूट्रल मिळालं की पुरे, अर्थ नसला तरी ती फिरते. गाडीचा चार्जर सुरू व्हायच्या आधी अर्थ तपासतो, नसला तर वीज घेतच नाही. तुमच्या स्वयंपाकघरातली अर्थची तार एक तर कुठेतरी तुटलेली आहे किंवा घर बांधताना पुरलेल्या सळईला जाऊन कोरड्या जांभ्या दगडात संपते. जांभा पावसात ओल धरतो, पण एप्रिल-मेमध्ये सड्यावरची जमीन तव्यासारखी कोरडी होते आणि कोरड्या जमिनीत वीज जिरत नाही. विहिरीजवळची माती बारमाही ओली, पंपाचा लोखंडी पाइपही पाण्यात गेलेला. म्हणून तिथे हिरवा दिवा लागला. आजींनी हात विहिरीला जोडले ते बरोबर ठिकाणी जोडले.

तुम्हाला अर्थिंगसाठी नवा खड्डा घ्यावा लागेल. अडीच मीटर जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप, भोवती कोळसा आणि मिठाचे थर, वर पाणी घालायला नरसाळं आणि झाकण. जागा निवडताना एकच बघा: जिथे सांडपाणी जातं आणि माती कायम ओली असते तिथे. तुमच्याकडे मोरीच्या पाण्यावर केळी लावलेल्या असतील, त्यांच्या शेजारी घ्या. तिथून जाड तार थेट नव्या पॉइंटपर्यंत न्या, मध्ये कुठे जोड नको.

पॉइंटसाठी मीटरजवळच्या बोर्डापासून वेगळी लाइन ओढा, ४ चौरस मिमी तांब्याची. त्यावर २० अँपिअरचा एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारा खटका) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की तोडणारा खटका), ए टाइपचा. सासूबाईंची धास्ती चुकीची नाही. आग लागते ती गाडीमुळे क्वचित, सैल सॉकेटमुळे जास्त. मिक्सर १० मिनिटं चालतो, गाडी ९-१० तास सलग १४-१५ अँपिअर ओढते. साधं सॉकेट आतून तापतं, प्लास्टिक तपकिरी पडतं, वितळल्याचा वास येतो. त्यामुळे निळं इंडस्ट्रियल सॉकेट लावा, १६ अँपिअरचं, झाकणवालं; गाडीवाल्यांकडे त्याचा जोड नसतो म्हणून शेजारी एक चांगल्या कंपनीचं नेहमीचं ३ पिनचंही लावा. पहिल्या रात्री एका तासाने प्लगला हात लावून बघा. कोमट चालेल. हात ठेववत नसेल तर बंद करा.

काम झाल्यावर मल्टिमीटरने तीन आकडे स्वतःसमोर घ्यायला लावा. फेज-न्यूट्रल २३०च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तेवढाच, न्यूट्रल-अर्थ २-३ व्होल्टच्या आत. आणि हीच तपासणी पुढच्या मे महिन्यात परत करा. श्रावणात कुठलंही अर्थिंग चांगलंच दिसतं.

---

ठाणे ते तळकोकण

ताई, तुमची पोस्ट वाचून मला माझी एक रात्र आठवली, म्हणून लिहिते. मी दरवर्षी ठाण्याहून कणकवलीजवळच्या गावी जाते, बरोबर ७१ वर्षांची आई असते, गाडी मीच चालवते. माझी गाडी हायवेवर एका चार्जमध्ये २८० किमी जाते, म्हणजे वाटेत दोनदा थांबावं लागतं.

रात्री ११ वाजता एका बंद झालेल्या शोरूमच्या मागच्या अंगाला चार्जर होता. अॅपवर 'उपलब्ध' दिसत होता. आत गेले तर एकही दिवा नाही, चार्जरचा पडदा काळा. हेल्पलाइनला फोन लागला की नुसतं संगीत वाजे. आई म्हणाली, "चल, परत हायवेला जाऊ." जायला बॅटरी कुठे होती? मोबाइलच्या उजेडात मशीनच्या चारी बाजू बघितल्या, तर एका बाजूचं लाल बटण आत दाबलेलं. भुईछत्रीसारखं असतं ते, अडचणीच्या वेळी वीज तोडायचं. कुणीतरी दाबून गेलं होतं. उजवीकडे पिळलं, ते टक् करून बाहेर आलं आणि दोन मिनिटांनी पडदा उजळला. हे बटण आता मी सगळ्यांना सांगत असते. बंद वाटणारे कितीतरी चार्जर तेवढ्यावर सुरू होतात.

पण मग अॅप ओटीपी मागायला लागलं आणि तिथे रेंज नाही. रस्त्यापर्यंत चालत गेले, ओटीपी आला, परत येईपर्यंत त्याची मुदत संपली. तिसऱ्या खेपेला जमलं. त्यानंतर ४७ मिनिटं आम्ही दोघी काचा वर करून, दारं लॉक करून बसलो. आईला बाथरूमला जायचं होतं. तिने शेवटपर्यंत सांगितलं नाही, नंतर सांगितलं.

तुम्ही विचारलंत ना, काय हवं असतं? मला त्या रात्री वेगवान चार्जर मिळाला होता, ६० किलोवॅटचा. हवा होता एक पेटता दिवा, आतून कडी लागणारं बाथरूम आणि जागी असलेली एक बाई. तुमच्याकडे या तीनही गोष्टी आधीपासूनच आहेत. तुमचा पॉइंट माझी गाडी तासाभरात भरणार नाही हे मला कळतं. तरी मी तुमच्याकडे थांबेन.

आणि गणपतीत नक्की सोय ठेवा. एका वर्षी चार्जरच्या एका गनसमोर (गाडीला लावायच्या प्लगसमोर) आमच्या सात गाड्या होत्या. कोणी भांडलं नाही. एका काकांनी वहीच्या पानाचे तुकडे करून नंबर वाटले आणि सगळ्यांनी मिळून ठरवलं की ८० टक्के झाले की गाडी काढायची, कारण ८०च्या पुढे वेग फारच पडतो आणि मागच्याचा अर्धा तास फुकट जातो. पण तीन तास लहान मुलांना घेऊन उन्हात उभं राहायचं, आसपास चहासुद्धा नाही. मोदकाचं सामान मागच्या सीटवर, नारळ तापलेले.

---

हिशोबी

मला वाटतं सगळे भावनेच्या भरात सल्ला देताहेत. ताई, १५ अँपिअरच्या पॉइंटमधून तासाला ३ युनिटच्या आसपास वीज जाते. जेवायला थांबलेल्या माणसाला तासात २० किमी मिळणार. त्यासाठी कोणी हायवे सोडून येणार नाही. माझ्या भावाने पाटणजवळ त्याच्या लॉजवर असं काम करून घेतलं, खड्डा, तार, सॉकेट धरून १४ हजार गेले. युनिटमागे ५-६ रुपये सुटले तरी एका रात्रीच्या गाडीमागे दीडशेच्या वर मिळत नाहीत. महिन्याला तीन गाड्या आल्या तर वसुलीला किती वर्षं लागतील ते बघा.

२ लाखांच्या माणसाला मात्र पैसे देऊ नका, यावर दुमत नाही. मोठ्या चार्जरला वेगळा थ्री-फेज भार लागतो, ट्रान्सफॉर्मरची क्षमता बघावी लागते, खर्च कितीतरी लाखांत जातो. आगाऊ पैसे घेऊन जाणारा माणूस यातलं काही बोलत नाही हीच खूण समजा.

---

घाटवाट

हिशोबी, तुमचा गुणाकार बरोबर आहे, पण ही खानावळ कुठे आहे ते धरून बघा.

मी कराडचा. सासुरवाडी राजापूरजवळ, त्यामुळे कोकरूड, मलकापूर, अणुस्कुरा, पाचल, ओणी हा रस्ता वर्षातून सहा-सात वेळा होतो. गाडी नेक्सॉनच, ४०.५ किलोवॅट-तास (म्हणजे तेवढेच युनिट) बॅटरीची. घाट उतरताना मजा असते. मागच्या खेपेला घाटमाथ्यावर ६१ टक्के होते, पायथ्याला आलो तेव्हा ६२, कारण उतारावर मोटरच वीज तयार करून परत बॅटरीत घालते. चढताना मात्र तेवढ्याच अंतराला ११ टक्के गेले. सपाट रस्त्यावर तेवढ्या अंतराला जी वीज लागते तिच्यावर घाट चढायला साधारण अडीच-तीन युनिट जास्त लागतात.

आता जोडून बघा. ताईंच्या पॉइंटवर एक तास, म्हणजे तीन युनिट. तुम्ही जेवता तोवर तुमच्या गाडीत अणुस्कुरा घाट भरला जातो! परतीच्या वाटेवर १८ टक्क्यांवर असलेल्या माणसाला याची किंमत विचारा. वर मलकापूरपर्यंत पोचतोय की मध्येच जंगलात थांबतोय याचा तो फरक असतो. मी दोन वर्षांपूर्वी त्या घाटात ३ टक्क्यांवर एसी, दिवे सगळं आवरून, धुक्यात, ताशी २५ने चढलोय. बायको एक शब्द बोलली नाही. पुढे महिनाभर तिने माहेरी जायला एसटी पकडली.

आणि मुक्कामाला खोल्या असतील तर हिशोब आणखी बदलतो. कोकणात मुक्काम ठरवताना मी आधी हेच विचारतो, पार्किंगशेजारी १५ अँपिअरचा पॉइंट आहे का? रात्रीत गाडी भरली की सकाळी चार्जर शोधत हिंडायला नको.

केंद्राच्या २०२२च्या मार्गदर्शक सूचनांत हायवेवर दर २५ किमीला दोन्ही बाजूंना चार्जिंग स्टेशन असावं असं लिहिलं होतं. नकाशावर ठिपके वाढलेतही. पण रात्री साडेदहाला त्या ठिपक्यावर फोन केला तर उचलणारं कोणी आहे का, हे नकाशा सांगत नाही.

एक माहिती: गाडी चार्ज करून पैसे घेणं म्हणजे वीज विकणं नव्हे, त्यासाठी परवाना लागत नाही, असं ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८मध्येच स्पष्ट केलंय. त्यामुळे ते घाबरू नका. पॉइंटवर छोटा सब-मीटर लावा म्हणजे किती युनिट गेले त्यावर वाद होणार नाही. बिलावरचा मंजूर भार बघून घ्या आणि कमी असेल तर महावितरणकडे वाढवून मागा. नाहीतर रात्री गाडी, फ्रीज आणि पंप एकदम चालले की मेन उडेल.

---

तिठ्यावरची खानावळ

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण काम काढलं होतं.

तारतंत्री काका, तुम्ही सांगितलंत ते मी वहीत उतरवून घेतलं आणि राजापूरहून दुसरा वायरमन बोलावला. त्याने स्वयंपाकघरातली अर्थची तार शोधली. भिंतीतून बाहेर येते आणि पायऱ्यांच्या खाली नुसती गुंडाळी करून ठेवलेली! १६ वर्षं मी त्या मशीनला ओल्या हाताने हात लावतेय. तुमचं उत्तर वाचून दाखवलं तेव्हा हे काही बोलले नाहीत, पण त्याच संध्याकाळी खड्डा खणायला घेतला.

केळी आहेत आमच्याकडे, तुम्ही न बघता ओळखलंत. मोरीच्या मागेच घेतला खड्डा. वरचा फूटभर माती, खाली जांभा, पहारीने दोन दिवस लागले. स्वयंपाकघराची अर्थही आता त्यालाच जोडली. आकडे सांगते: फेज-न्यूट्रल २२६, फेज-अर्थ २२५, न्यूट्रल-अर्थ १.४. जुना वायरमन बघायला आला होता. त्याला तुमचं उत्तर वाचायला दिलं. त्याने दोन ठिकाणी तसा तुकडा जोडलाय म्हणाला, जाऊन काढतो म्हणाला. तो वाईट माणूस नाही, त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

हिशोबीदादा, १४ हजार म्हणालात, आम्हाला ११,८०० लागले, खणायची मजुरी घरचीच. पैसे विजेतून सुटणार नाहीत हे मला पटलंय. युनिटला २० रुपये ठेवलेत. जेवायला थांबलेल्यांकडून पहिल्या तासाचे घेत नाही, सासूबाईंनीच सांगितलं तसं, "ताक देतो त्याचे कुठे घेतो?" आग लागेल म्हणणाऱ्या त्याच. पहिली गाडी लागली त्या रात्री त्या दर अर्ध्या तासाने उठून प्लगला हात लावून येत होत्या. लाकडांची खोप आम्ही पलीकडे हलवली.

ठाण्याच्या ताई, तुमच्या आईचं वाचून मला रात्री झोप लागली नाही. बाथरूमची कडी ढिली होती, बदलली. अंगणातला दिवा आता रात्रभर ठेवतो. ह्यांनी पत्र्याच्या पाटीवर रंगवलंय: 'गाडी चार्जिंग, १५ अँपिअर. रात्री हाक मारा, उठतो.' गणपतीत दोघी याल तेव्हा हायवेवरून डाव्या हाताला दिसेल. उकडीचे मोदक असतील.

घाटवाट दादा, परवा खरंच एक गाडी आली, कोल्हापूरला परत चाललेली, २१ टक्के. मी त्यांना तुमचं घाटाचं गणित सांगितलं. ते दीड तास बसले, दोनदा सोलकढी घेतली. रात्री त्यांचा फोन आला, मलकापूरला पोचलो म्हणून.

आता एकच विचारायचंय. केबल लावल्यावर सॉकेटचं झाकण पूर्ण मिटत नाही, थोडं वर राहतं. पाऊस सुरू झालाय. पत्रा घालू का वर?

---

तारतंत्री_सांगली

पत्रा घालाच, दीड फूट पुढे काढा. पण कोकणचा पाऊस वरून कमी आणि बाजूने जास्त मारतो, त्यामुळे झड ज्या अंगाने येते तिकडून आडोसाही हवा. केबल सॉकेटच्या खालून लोंबती ठेवा, म्हणजे तिच्यावरून आलेलं पाणी खालीच गळेल, सॉकेटात शिरणार नाही. आणि आरसीसीबीवर 'टी' लिहिलेलं छोटं बटण असतं ते महिन्यातून एकदा दाबायचं, खटका पडला पाहिजे. हे काम सासूबाईंकडे द्या.